खोलवाम

माझ्या मरणाचा दिवस ठरवायला माझा मुलगा, त्याचे होणारे व्याही आणि एक गुरुजी माझ्याच खाटेभोवती प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून बसले होते. चहा मागवला होता. चहात साखर कमी आहे अशी तक्रार व्याह्यांनी केली, तीसुद्धा मी ऐकली.

मला काही ऐकू येत नाही असं तिघंही धरून चालले होते. माझं हृदय मिनिटाला चार ठोके टाकत होतं, श्वास बंद होता, अंग गार केलेलं होतं आणि खाटेच्या पायथ्याशी पाटी लावली होती, ‘थांबा, दिवस दुसरा’. थांब्यावरचा माणूस म्हणजे ओंडका, असं आज सगळेच मानतात. ते तसं का मानतात याचा जाब मलाच द्यायचा आहे, आणि तो मी देणार आहे. पण आधी माझ्या घरच्यांची अक्कल ऐका.

मी चारुलता सुखटणकर, वय शहात्तर. रत्नागिरीत मासे संशोधनाच्या केंद्रात चौतीस वर्षं काढली. जाळ्यात आलेला मासा कोणता, ते सांगायचं, हे माझं काम. त्या सोमवारी सकाळी मी ओट्यापाशी सुरमईच्या तुकड्या करत होते. नातीचं, इराचं लग्न रविवारवर आलेलं, घरात पाहुणे उतरलेले, आणि मासा कापायला माझ्याशिवाय कोणी नाही. सून ऋजुता ही सोलापूरच्या भिक्षुकाची मुलगी. सत्तावीस वर्षं आमच्या घरात राहून तिला बांगडा कुठला आणि पेडवा कुठला ते कळत नाही. घरात मासा आला की बाईसाहेब खिडकी उघडतात आणि उदबत्ती लावतात. त्या दिवशीही ती उदबत्तीच शोधत होती. माझ्या छातीत कळ आली, सुरी हातातून सुटली आणि मी सुरमईसकट खाली आले.

रुग्णवाहिका नऊ मिनिटांत आली आणि मांडीत सुई टोचली. त्या सुईत माझ्याच वामीचा अर्क होता.

वाम कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे. लांब, बुळबुळीत, सापासारखी. पण मी म्हणते ती वेगळी. आपल्या अरबी समुद्रात दोनशे मीटरच्या खाली, पार हजार मीटरपर्यंत, असा एक थर आहे की त्यात प्राणवायू जवळजवळ नाहीच. वर सूक्ष्म वनस्पती माजतात, मरतात, खाली बुडता बुडता कुजतात, आणि त्या कुजण्यात सगळा प्राणवायू खर्ची पडतो. बहुतेक मासे तिथे फार वेळ काढत नाहीत. वीस वर्षांपूर्वी आमच्या जहाजाने सहाशे मीटरवर जाळं ओढलं, त्यात हातभर लांबीच्या, तपकिरी, बटबटीत डोळ्यांच्या चार वामा आल्या. जहाजावरच्या हुशार मंडळींनी त्या कुट्यात टाकल्या. कुटा म्हणजे खतासाठी जाणारी टाकाऊ मासळी. मी बाह्या वर करून त्या उपसून काढल्या. जात नवी निघाली. आमच्या संचालकांना तिला आपल्या कैलासवासी सासऱ्यांचं नाव द्यायचं होतं. सासऱ्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. मी तिला खोलवाम म्हटलं आणि तेच चाललं.

ही खोलवाम त्या थरात महिनोन् महिने पडून राहते. माणसाच्या मेंदूचा प्राणवायू तुटला की पेशी भांबावतात, सगळी कामं तशीच चालू ठेवतात, होता तो साठा संपवतात आणि चार-पाच मिनिटांत मरायला लागतात. खोलवामीच्या रक्तातलं एक प्रथिन पेशींना एकेक काम क्रमाने बंद करायला लावतं, दुकानदार माल आवरून मग फळ्या लावतो तसं. पुढे पुण्याच्या लोकांनी ते प्रथिन यीस्टमध्ये तयार केलं आणि त्याची सुई निघाली. माणूस दहा दिवस टिकतो. मात्र पाच दिवसांनंतर हृदयाचा स्नायू खचू लागतो, म्हणून जी काही दुरुस्ती करायची ती पहिल्या पाच दिवसांत. रत्नागिरीचा रोगी आंबा घाट चढून कोल्हापूरला जिवंत पोचावा, इतकाच मूळ हेतू होता.

लोकांनी त्याचं काय केलं ते बघा. मुलगा न्यू जर्सीहून यायचाय, बापाला थांब्यावर ठेवा. पंचक लागलंय, ठेवा. नवऱ्याला उमेदवारी अर्ज भरायचाय आणि नेमकी सासू आटपायला आलीय, मग सासूला ठेवा. दहाव्या दिवशी पाटी काढायची आणि रडायला सुरुवात करायची. सुई बाजारात आल्यावर तीन आठवड्यांत शास्त्री-पंडितांचा निर्णय निघाला की थांब्यावरचा माणूस शास्त्राने जिवंत, सबब सुतक नाही. मला ती वाम समजून घ्यायला तीन वर्षं लागली होती.

तर मंगळवारी ही बैठक भरली. आधी डॉक्टर बोलून गेला. कासम मुकादम हा मिरकरवाड्याचा मुलगा, त्याच्या आजोबांच्या होडीवर मी मासे मोजलेले आहेत.

“शुक्रवारी दुपारपर्यंत कोल्हापुरात ऑपरेशन व्हायला हवं,” तो माझ्या मुलाला, निहारला म्हणाला. “दहातले सहा-सात वाचतात. शुक्रवार टळला तर थांबा काढला की त्या जातील. मी उगाच आशा लावत नाही.”

“आणि ऑपरेशनमध्येच काही झालं तर?” निहारने विचारलं.

“तर शुक्रवारी जातील.”

“डॉक्टर, रविवारी लग्न आहे.”

संमतीचा कागद टेबलावर ठेवल्याचा आवाज आला आणि मुकादमची पावलं बाहेर गेली.

व्याही बांबर्डेकर खाकरले. हे गृहस्थ बोलण्याआधी नेहमी खाकरतात, जणू पुढे काही मोठं येणार आहे. “आईंना त्रास तर काही होत नाहीये ना? मग सोमवारपर्यंत ठेवायला काय हरकत आहे? सुतक आलं की लग्न गेलं. पुढे अधिक महिना, मग चातुर्मास. मुहूर्त थेट तुळशीच्या लग्नानंतर.”

“तेच म्हणतो मी,” निहार म्हणाला. “आणि इराच्या लग्नाची सगळ्यांत जास्त हौस आईलाच होती.”

मी त्याच्यासमोर पडलेली, आणि हा माझ्या फोटोला हार घातल्यासारखा बोलत होता. पन्नाशीचा घोडा झाला तरी आईला मारायचं पाप याला आईच्याच हौसेच्या नावावर घालायचं होतं. गुरुजींना विचारलं, सोमवारपर्यंत सुतकाचा काही प्रश्न? गुरुजी म्हणाले, थांबा असेतो प्रश्न नाही. विचारलं तेवढ्याला उत्तर देऊन गुरुजींनी बिस्किट उचलल्याचं कळलं, कारण पुडा कुरकुरला.

माझं बोटही हलत नव्हतं. आवाज लांबून यायचे, कानात पाणी गेल्यावर येतात तसे, मध्येच तुटायचे. पण शब्द समजत होते. भीती वाटत होती, हे लपवत नाही. आणि भीतीच्याही वर राग होता, इतका राग की त्या राक्षसी थंडीत तेवढाच काय तो माझ्यापाशी गरम होता.

त्या संध्याकाळी मला डोर्लेकर आठवला. डोर्लेकर म्हणजे माझ्या प्रयोगशाळेचा मदतनीस, मासेमारी करणाऱ्या खारवी समाजातला, माझ्याच वयाचा. सतरा वर्षांपूर्वी आम्ही एक जिवंत खोलवाम दाबाच्या टाकीत ठेवली होती. प्राणवायू काढून घेतला, नऊ दिवस ती काठीसारखी पडून होती. सातव्या दिवशी डोर्लेकर टाकी पुसता पुसता कुणाशी तरी फोनवर बोलत होता, तो एकदम थांबला.

“मॅडम, ही आयकतेय.”

“काहीतरीच काय.”

“मी बोललो की शेपटी वळतेय बघा. पंपाचा आवाज चाललाय त्याला नाय वळत. माणूस बोललं की वळते.”

मी मोजलं. चौदा वेळा बोललो, अकरा वेळा शेपटीचं टोक केसभर वळलं. वहीत लिहिलं, पान एकशे बारा. आणि दुसऱ्या दिवशी त्या ओळींवर आडवी रेघ मारली. कारण असं की ते निबंधात घातलं असतं तर परीक्षकांनी नवे प्रयोग मागितले असते, त्यात वर्ष गेलं असतं. माझी निवृत्ती पाच महिन्यांवर आली होती. माझ्या खुर्चीवर टपून बसलेल्या मठ्ठ माणसाच्या नावाने निबंध छापला जाईल, ही कल्पना मला सहन होत नव्हती. मी लिहिलं, ‘बाह्य उद्दीपनांना प्रतिसाद शून्य’. डोर्लेकरने विचारलं तेव्हा मी म्हटलं, तुम्ही टाक्या पुसा, शास्त्र माझ्यावर सोडा. तो मुकाट्याने टाक्या पुसायला गेला.

बुधवारी दुपारी ऋजुता एकटी आली. पावलांवरून ओळखलं. खुर्ची ओढून ती बसली. मला वाटलं, आता पोथी काढून वाचायला घेईल.

“आई,” ती म्हणाली, “तुम्ही मला कधी आवडला नाहीत.”

मी ऐकत राहिले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

“तुम्ही मला बरणीतला नमुना बघावा तसं बघत आलात. माझ्या बाबांना तुम्ही पंगतीत सगळ्यांसमोर विचारलं होतं, तुमच्या मंत्राने पाऊस पडतो का हो. इराला सांगायचात, आईसारखी होऊ नकोस. मी शेजारी उभी असायचे. तुम्ही गेलात तर मला रडू येईल असं वाटत नाही.” ती थांबली. नाक ओढल्याचा आवाज आला. “पण तारीख बघून तुम्हाला मारणं मला जमणार नाही. तेवढी काही मी तुमच्या मुलासारखी शिकलेली नाहीये.”

मग तिने तिथूनच गुरुजींना फोन लावला.

“गुरुजी, लग्नात नांदीश्राद्ध दहा दिवस आधीपर्यंत करता येतं ना? आणि एकदा देवक बसलं की मध्ये सुतक आलं तरी कार्य अडत नाही. बाबा हेच सांगायचे.”

पलीकडचं मला ऐकू आलं नाही, पण तिचं उत्तर ऐकू आलं. “ठाऊक होतं तर काल का नाही बोललात?” मग जरा वेळाने, “हो, कुणी विचारलं नसेल. थांब्याची सोय झाल्यापासून कशाला कोण विचारतंय. उद्या सकाळी या. देवक उद्याच बसवायचं.”

लग्नाआधी कुलदेवतेला आणि पितरांना बोलावून देवक बसवतात, एवढं मला माहीत होतं. आमच्याकडे ते आदल्या दिवशी बसवायचे आणि मी त्या वेळी मुद्दाम वर्तमानपत्र वाचत बसायचे. देवक बसलं की कार्य सुरू झालं, मग अधेमध्ये मेलेला माणूस ते थांबवू शकत नाही, ही पळवाट आमच्या घरात कुणाच्या गावीही नव्हती. निहारने मुंबईत इंजिनियरिंग केलं, बांबर्डेकर कॉलेजचे प्राचार्य म्हणून निवृत्त झाले, आणि सुतकाला घाबरून माणूस मारायला निघालेल्या या विद्वानांना सुतकाचा नियमच माहीत नव्हता. मलाही नव्हता. तो सोलापूरच्या त्या भिक्षुकाला माहीत होता.

गुरुवारी दुपारी दोघं आली. देवक बसवून आली होती. निहारचा आवाज कुरकुरा होता.

“देवक बसलं, ठीक आहे. पण ऋजू, जरा विचार कर. आई शुक्रवारी टेबलावरच गेली तर? लग्नघरात रडारड, इराचा चेहरा सुजलेला, बांबर्डेकरांकडची दोनशे माणसं. सगळ्या फोटोंत तेच दिसणार.”

“म्हणजे सुतकाचं नव्हतंच ते,” ऋजुता म्हणाली.

कागद टेबलावरून सरकल्याचा आवाज आला.

“हा कागद. सही कर. नाहीतर मी इराला बोलावते आणि तू का करत नाहीस ते तिच्यासमोर विचारते.”

“तू अशी कधीपासून बोलायला लागलीस?”

“आजपासून. कर सही.”

पेन कागदावर फिरलं. इतका छोटा आवाज, पण मी माझ्या आयुष्यात त्याच्याइतकं कान देऊन काही ऐकलेलं नाही.

शुक्रवारी कोल्हापुरात माझी झडप आणि दोन वाहिन्या दुरुस्त झाल्या. रविवारी लग्न लागलं. मी तेव्हा नळ्यांच्या जंजाळात होते, इराने मंगलाष्टकं झाल्याबरोबर मला फोनवरून आपलं कुंकू दाखवलं म्हणे, मला आठवत नाही.

रत्नागिरीला परत आणल्यावर मुकादम तपासायला आला. मी त्याला विचारलं, थांब्यावरून उठलेले लोक काही बोलतात का.

“बोलतात की, मॅडम. नातेवाइकांचं बोलणं ऐकलं म्हणतात. एक आजी तर तीन दिवस सुनेला शिव्या देत होत्या. आम्ही ‘भास’ म्हणून लिहितो.” तो हसला. “तुमच्याच निबंधात आहे ना, प्रतिसाद शून्य.”

“हो,” मी म्हटलं. “माझ्याच निबंधात आहे.”

घरी निहार माझ्या उशाशी बसून मऊ भात भरवायचा. “आई, आम्ही एका क्षणाचाही विचार केला नाही बघ. म्हटलं, लग्न गेलं उडत, आधी आई.” डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. मी भात गिळला आणि म्हटलं, गुणाचा रे माझा तू. त्याच्या तोंडावर काय फेकायचं ते सगळं माझ्यापाशी तयार होतं, शब्दन् शब्द. साखर कमी असलेल्या चहासकट.

पण मी बोलले नाही, आठ दिवस बोलले नाही. मी ऐकत होते असं म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग निबंधात ते का नाही. आणि त्याचं उत्तर पान एकशे बारावर होतं. निहारला फोटो चांगले यायला हवे होते म्हणून तो चार दिवस पुढे ढकलत होता. मला माझं नाव छापून यायला हवं होतं म्हणून मी एक ओळ खोडली, आणि गेली सहा वर्षं गावोगाव माणसं ओंडक्यासारखी पडून आपल्या मरणाच्या तारखा ऐकत होती. माझा मुलगा कुणावर गेला, हे मी पन्नास वर्षं त्याच्या बापाकडच्या माणसांत शोधत आले. लाज वाटली, आणि ती आयुष्यात पहिल्यांदाच वाटल्यामुळे तिचं काय करायचं ते कळेना.

नवव्या दिवशी मी ऋजुताला हाक मारली आणि कपाटातली जुनी वही काढायला सांगितली. तिने ती दोन बोटांत धरली, वहीला अजून फॉर्मॅलिनचा वास येत होता.

“पान एकशे बारा. मोठ्याने वाच.”

तिने खोडलेल्या ओळी अडखळत वाचल्या. “‘मनुष्याच्या आवाजाला चौदापैकी अकरा वेळा प्रतिसाद. श्री. डोर्लेकर यांच्या मते, ऐकते.’” ती पुन्हा मनात वाचत राहिली. मग वही हळूच मिटली. तिचे कान लाल झाले होते.

“सगळं?” तिने विचारलं.

“सगळं. बुधवारचंसुद्धा.”

ती खिडकीशी गेली, परत आली. “मी त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही, आई.”

“घेऊ नकोस. खरं आहे ते.” मी वही तिच्याकडून परत घेतली. “तुझ्या बाबांना मी जे विचारलं, ते विचारायला नको होतं.”

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती, त्यामुळे माझ्या या शहाणपणाचा त्यांना काही उपयोग नव्हता. ऋजुताने मान हलवली आणि टेबलाशी बसली. “निबंध छापणाऱ्यांना पत्र लिहायचंय ना? सांगा.”

मी सांगत गेले, ती लिहीत गेली. काहीही मऊ केलं नाही. निरीक्षण दडवलं, जाणूनबुजून दडवलं, निवृत्तीआधी निबंध छापून यावा म्हणून दडवलं. डोर्लेकरचं नाव पहिल्या ओळीत घातलं. तो बिचारा चार वर्षांपूर्वीच गेला. त्यालाही शेवटी एक आठवडा थांब्यावर ठेवलं होतं, मुलाची बोट परत येईपर्यंत. मी त्याला भेटायला गेले होते आणि त्याच्या मुलीला म्हटलं होतं, बोलून काय उपयोग, त्याला काही कळत नाहीये. हे मी ऋजुताला लिहायला सांगितलं, तेव्हा तिने पेन खाली ठेवलं आणि मला पाणी आणून दिलं.

पत्र आषाढात छापून आलं. सकाळी न्याहारीच्या वेळी निहार आम्हाला बातम्या वाचून दाखवतो, ही त्याची जुनी खोड. पोह्यांची बशी पुढे घेऊन त्याने टॅबलेट उघडला.

“‘थांब्यावरच्या रुग्णांना सगळं ऐकू येतं,’” तो वाचू लागला. “‘सतरा वर्षांपूर्वी आपण ही नोंद मुद्दाम दडवली, अशी कबुली रत्नागिरीच्या ज्येष्ठ संशोधक...’”

तिथे त्याचा आवाज बंद झाला. तो टॅबलेटकडे बघत राहिला. कपाळावर घाम आला, मग मानेवर आला. माझ्याकडे त्याने बघितलं नाही.

“वाच ना पुढे,” मी म्हटलं. “घाबरू नकोस. तुझं नाव नाही त्यात. माझंच आहे.”

त्याने मान वर केली नाही. ऋजुताने आपली बशी उचलली आणि टेबलाला वळसा घालून ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली.